अळी कात कधी टाकते? काजव्याच्या उजेडावर वाढीची वेळ मोजायला शिकताना

आमचं घर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आहे. मे संपत आला आणि वळवाची एखादी सर पडून गेली की घरामागची झाडं रात्री काजव्यांनी लखलखतात. लहानपणी ती लुकलुक बघत बसायचो. आज पणजीजवळच्या एका प्रयोगशाळेत मी त्याच उजेडाच्या रसायनावर मिलिमीटरभर लांबीच्या सूत्रकृमींच्या वाढीची वेळ मोजतो. दर वर्षी एमएस्सीची नवी मुलं येतात आणि तेच प्रश्न विचारतात. त्यांना टेबलाशी उभं राहून जे सांगतो, ते इथे सलग लिहून काढलं आहे.

तो सूत्रकृमी, आपला प्राणी, म्हणजे सी. एलिगन्स. पेट्री डिशवर जिवाणू खाऊन वाढतो, आरपार दिसतो, आणि अंड्यापासून अंडी घालण्यापर्यंतचं त्याचं चक्र २० अंश सेल्सियसला तीनेक दिवसांत पुरं होतं. सिडनी ब्रेनर यांनी १९७४ साली त्याची आनुवंशिकी मांडली. प्रौढ उभयलिंगी कृमीच्या शरीरात जननपेशी सोडून ९५९ पेशी असतात आणि प्रत्येक पेशी कुठून, केव्हा आली याचा पूर्ण हिशेब लागलेला आहे. वेळेच्या प्रश्नासाठी हा प्राणी निवडतात तो म्हणूनच. यातल्या लिन-४ या जनुकात बिघाड झाला तर अळी पहिल्या अवस्थेतली कामं पुन्हा पुन्हा करत राहते, पुढे सरकत नाही. १९९३ साली याच जनुकातून पहिला मायक्रोआरएनए, म्हणजे दुसऱ्या जनुकांचं काम आवरणारा आरएनएचा छोटा रेणू, सापडला आणि २०२४ साली व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना त्यासाठी नोबेल मिळालं. कोणती गोष्ट कधी घडते हा एवढा मूलभूत प्रश्न आहे. म्हणून ती वेळ नीट मोजायला शिकणं मला फार मोलाचं वाटतं.

आधी डोळ्यांनी बघा

उजेड मोजणाऱ्या यंत्राला, म्हणजे ल्युमिनोमीटरला, हात लावण्याआधी एक दिवस सूक्ष्मदर्शकाखाली घालवा. अळी चार अवस्थांतून जाते, त्यांना आपण एल-१ ते एल-४ म्हणतो. प्रत्येक अवस्थेच्या शेवटी ती कात टाकते. अशा चार काती झाल्या की प्रौढ. सिंग आणि सल्स्टन यांनी १९७८ साली या कात टाकण्याचं बारकाईने वर्णन केलं, आणि ते आजही तसंच्या तसं डोळ्यांसमोर घडताना दिसतं.

आधी अळीची हालचाल मंदावते. घशाचा स्नायू एरवी सारखा धडधडत असतो, तो थांबतो. खाणं बंद. तोंडावर जुन्या कातीचं बूच बसतं. बराच वेळ ती काठीसारखी पडून राहते. मग अंगाभोवती गिरक्या घ्यायला लागते, त्वचा सैल होते, घशाच्या आतलं जुनं अस्तरसुद्धा सुटतं, आणि शेवटी डोकं पुढे रेटून ती कातीतून बाहेर येते. लगेच घसा पुन्हा धडधडू लागतो आणि ती खायला लागते. २० अंशाला ही सुस्ती साधारण दीड ते तीन तास टिकते.

या सगळ्यातली एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवा: कात टाकताना अळी खात नाही. पुढची अख्खी पद्धत त्या उपासावर उभी आहे.

पूर्वी, आणि अजूनही पुष्कळ ठिकाणी, वेळ मोजायची म्हणजे दर तासाला डिश बाहेर काढायची, वीस-तीस अळ्या बघायच्या, किती जणी सुस्त आहेत ते मोजायचं आणि डिश परत ठेवायची. दोन दिवस आणि दोन रात्री. यात दोन तोटे आहेत. डिश आत-बाहेर केल्याने तापमान बदलतं. शिवाय दर वेळी वेगळ्याच अळ्या दिसतात. एखाद्या अळीची दुसरी अवस्था लांबली की तिसरी, हे कधीच कळत नाही.

काजवा कुठे येतो

काजव्याच्या पोटात ल्युसिफरेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. त्याला ल्युसिफरिन, ऑक्सिजन आणि पेशीतली ऊर्जा, म्हणजे एटीपी, मिळाली की उजेड पडतो. या विकराचं जनुक शरीरभर घातलेले सी. एलिगन्सचे वाण उपलब्ध आहेत. विकर अळीच्या अंगात असतं, पण ल्युसिफरिन नसतं, ते आपण पाण्यात मिसळतो. अळी खाते तेव्हा ते पोटात जातं आणि ती उजळते. खाणं थांबलं की आतला साठा संपत जातो आणि उजेड मंदावतो. कात टाकून झाली, तोंड उघडलं, की पुन्हा झपकन वर.

म्हणजे चार काती म्हणजे उजेडाच्या रेषेत चार खड्डे. प्रत्येक अळी वेगळ्या वेलमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या प्लेटमधल्या एका छोट्या खळग्यात, यंत्र दर पाच मिनिटांनी वाचन घेतं, आणि अळीला कुणी हात लावत नाही. मारिया ओल्मेडो आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली ही पद्धत सविस्तर मांडली. मी खाली देतो ती मापं मुख्यतः त्याच धाटणीची आहेत.

तापमान, आणि गोव्याचा मे महिना

इथे थोडा जास्त वेळ थांबतो, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त प्रयोग इथेच वाया जातात.

सी. एलिगन्स १६ ते २५ अंशांमध्ये वाढवतात. २५ अंशाला वाढ १६ अंशापेक्षा साधारण २.१ पट आणि २० अंशापेक्षा १.३ पट वेगाने होते. आता हिशेब करा. २० अंशाला प्रौढ व्हायला ४८ तास लागले असं धरलं, तर २५ अंशाला ३७ तास. पाच अंशांत अकरा तास, म्हणजे अंशाला जवळजवळ दोन तास. एक कात टाकायला लागतो तेवढा वेळ एका अंशाच्या चुकीत निघून जातो. तुम्ही ज्या जनुकाचा परिणाम शोधताय तो कदाचित याहून लहान असेल.

गोव्यात खोलीचं तापमान वर्षातला बराच काळ २५ च्या वरच असतं, आणि २७ च्या आसपास हे कृमी नापीक होऊ लागतात. एसी लावून २० आणता येईल असं वाटतं, पण ल्युमिनोमीटर स्वतः गरम होतो. आतली प्लेट खोलीपेक्षा दोन-तीन अंश वर सहज जाते. माझी पहिली प्लेट मे महिन्यात अशीच गेली. यंत्र टेबलावर, खोलीत एसी, आणि मध्यरात्री कधीतरी वीज गेली. यंत्र इन्व्हर्टरवर चालत राहिलं, एसी बंद पडला. सकाळी आलेख बघितला तर तिसरी आणि चौथी कात भलतीच लवकर आलेली. मला वाटलं, काहीतरी मोठं हाती लागलं. दुपारपर्यंत त्याच आनंदात होतो. मग कंट्रोलच्या, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या, अळ्यांच्या रेषा काढल्या, त्याही तेवढ्याच लवकर.

तेव्हापासून यंत्र पंख्याच्या थंड इनक्युबेटरच्या, म्हणजे तापमान कायम राखणाऱ्या कपाटाच्या, आतच ठेवतो. दार बंद करून वायर बाहेर काढायची. इनक्युबेटर आणि यंत्र दोन्ही यूपीएसवर, नुसतं यंत्र नाही. एक छोटा तापमान-नोंदक प्लेटच्या शक्य तितक्या जवळ चिकटवायचा आणि त्याची फाईल प्रत्येक प्रयोगाच्या फाईलबरोबर जपायची. ती फाईल नसेल तर तो प्रयोग मी मोजत नाही. इनक्युबेटरच्या काचेवरचा आकडा हे पुरावा म्हणून चालत नाही.

पावसाळ्यात वेगळी पंचाईत. दमटपणाने डिशवर बुरशी येते. डिश ओतल्यावर दोन दिवस झाकण लावून वाळू द्या, मग पिशवीत बांधून उलट्या ठेवा. बुरशी दिसली तर त्या डिशवरच्या कृमी प्रयोगाला घेऊ नका. त्यांना ब्लीच करून नवी पिढी काढा, कसं ते पुढे येतंच.

प्रयोगाच्या तीन दिवस आधीपासून

ल्युसिफरेजचे वाण मिनेसोटा विद्यापीठातल्या सीजीसी या केंद्राकडून मागवता येतात. जनुकबदल केलेला प्राणी आहे, म्हणून आधी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी. हा कागद महिनाभर आधीच हलवा.

कृमी ओपी-५० जातीच्या ई. कोलाय जिवाणूंवर, एनजीएम या पोषक जेलच्या डिशवर वाढतात. पोटात अंडी भरलेले प्रौढ दिसायला लागले की एम-९ या क्षारांच्या द्रावणाने धुऊन नळीत घ्या आणि ब्लीच व सोडियम हायड्रॉक्साइडच्या मिश्रणात टाका. प्रौढ विरघळतात, अंडी कवचामुळे वाचतात. घड्याळ लावून उभे राहा आणि दर मिनिटाला एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघा. शरीरं तुटून अंडी मोकळी होत आली की थांबवा, सहसा पाच मिनिटांच्या आत. तीन वेळा एम-९ ने धुवा. आपल्या हवेत ब्लीच लवकर कमजोर होतं, म्हणून बाटली ताजी घ्या आणि फ्रिजमध्ये ठेवा. जुनं ब्लीच वापरलं की वेळ वाढवावा लागतो आणि मग अंडीही मरतात.

ही अंडी अन्नाविना एम-९ मध्ये २० अंशाला रात्रभर हलकी हलवत ठेवा. अळ्या बाहेर येतात, खायला काही नसतं, आणि पहिल्या अवस्थेच्या अगदी सुरुवातीलाच थांबतात. अशा शेकडो अळ्या एकाच रेषेवर उभ्या मिळतात. अन्न दिलं तो क्षण म्हणजे शून्य वेळ.

एक सावधगिरी: उपास किती तासांचा, हे प्रत्येक प्रयोगात सारखं ठेवा. लांब उपास काढलेली अळी अन्न मिळाल्यावरही उशिरा सावरते. आज १८ तास आणि पुढच्या आठवड्यात ४० तास असं केलंत तर दोन प्रयोगांची तुलना होणार नाही. आणि तो फरक तुम्ही जनुकाच्या माथी माराल.

प्लेट भरणं

प्लेट पांढरी, अपारदर्शक, ९६ वेलची. पारदर्शक प्लेटमध्ये शेजारच्या वेलचा उजेड गळतो.

प्रत्येक वेलमध्ये १०० मायक्रोलिटर एस-बेसल, म्हणजे कृमींसाठीचं क्षारांचं द्रावण, घाला, त्यात ल्युसिफरिन २०० मायक्रोमोलर. ल्युसिफरिनला उजेड चालत नाही. त्याचे छोटे भाग करून फॉइलमध्ये गुंडाळून उणे २० अंशाला ठेवा, आणि एकदा वितळलेला भाग परत गोठवू नका. मग स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली पिपेटच्या टोकात एक मायक्रोलिटरमध्ये एकच अळी उचलायची आणि वेलमध्ये सोडायची. पहिल्या वेळी ९६ वेल भरायला दोन तास लागतील. टोकात अळी आली की नाही, हे सोडण्याआधी टोकाकडे नीट बघून खात्री करा. ती पारदर्शक काचेच्या तुकड्यासारखी वळवळताना दिसते. वेलमध्ये दोन अळ्या पडल्या तर आलेखात खड्डे दुहेरी दिसतात आणि तो वेल फुकट जातो.

सगळे वेल भरून झाल्यावर अन्न. रात्रभर वाढवलेले ओपी-५० सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून खाली बसवा, पाणी पूर्ण काढा, गाळ ओला तोला, आणि लिटरला २० ग्रॅम या हिशेबाने एस-बेसलमध्ये मिसळा. ९६ वेलना १०० मायक्रोलिटर म्हणजे ९.६ मिलिलिटर, पण पिपेटिंगमध्ये थोडं जातंच, म्हणून १२ मिलिलिटर करा आणि त्यासाठी ०.२४ ग्रॅम गाळ. अनेक नळ्यांच्या पिपेटने सगळ्या वेलमध्ये भराभर घाला. आता वेलमध्ये २०० मायक्रोलिटर झालं, ल्युसिफरिन १०० मायक्रोमोलरवर आलं आणि जिवाणू लिटरला १० ग्रॅम. घड्याळात बघून वेळ लिहा. हा तुमचा शून्य.

काही वेल अळीविना ठेवा, द्रावण आणि जिवाणू दोन्ही घालून. पार्श्वभूमीचा उजेड किती ते तिथूनच कळतं. आणि वाण एकेका ओळीत रचू नका. काठाचे वेल जास्त वाळतात. तुमचा म्युटंट, म्हणजे जनुकात बिघाड असलेला वाण, काठावर आणि कंट्रोल मधे राहिला तर फरक प्लेटचा असेल, वाणाचा नाही. चिठ्ठ्या टाकून जागा ठरवा आणि नकाशा वहीत काढा.

शेवटी हवा जाऊ देणारी पातळ चिकटपट्टी लावा. अळीलाही ऑक्सिजन लागतो आणि उजेडालाही.

यंत्र

प्रत्येक वेल एक सेकंद, दर पाच मिनिटांनी, तीन दिवस. ९६ सेकंद वाचनाचे, थोडे प्लेट सरकण्याचे, तेव्हा पाच मिनिटांत फेरी आरामात बसते. दोन तासांच्या कातीत २४ वाचनं मिळतात. दर अर्ध्या तासाला वाचलं तर चारच, आणि सुरुवात-शेवट दोन्ही धूसर. पहिली काही वाचनं टाकून द्या. पांढरं प्लास्टिक खोलीतल्या दिव्याखाली राहिलं की काही मिनिटं स्वतःच मंद चमकतं.

रेषा वाचणं

तीन दिवसांनी फाईल हातात येते. दिवसाला एका वेलचे २८८ आकडे, अख्ख्या प्लेटचे २७,६४८. आता सगळे स्क्रिप्ट चालवायला धावतात. तसं करू नका. आधी प्रत्येक वेलची कच्ची रेषा एकेक करून काढा आणि बघा. ९६ रेषा बघायला तासभर लागतो, आणि त्या तासात तुम्हाला जे कळतं ते सरासरीत कधीच कळणार नाही.

चांगली रेषा अशी दिसते: सुरुवातीला खालीच रेंगाळते, कारण अळी इवलीशी आहे. हळूहळू चढते. मग एकदम उतरते, तासा-दोन तासांचं पठार, आणि तितक्याच झपाट्याने वर. अळी आता मोठी झाली, म्हणून नवी उंची जुनीपेक्षा जास्त. असं चार वेळा. जिना चढत जावा आणि प्रत्येक मजल्यावर खड्डा असावा तसं.

रेषा चढत जाते म्हणून सरळ एकच उंबरठा लावता येत नाही. शेवटच्या कातीतला उजेड पहिल्या अवस्थेतल्या भर उजेडाहून जास्त असतो. त्यासाठी प्रत्येक वाचनाला आजूबाजूच्या २४ तासांच्या सरत्या सरासरीने भागा. चढ निघून जातो आणि खड्डे एका पातळीवर येतात. मग सरासरीच्या ७५ टक्के हा उंबरठा: वर असेल तर १, खाली तर ०. शून्यांची सलग लांब पट्टी म्हणजे कात. पट्टी सुरू होते तिथे कातीची सुरुवात, संपते तिथे शेवट, आणि दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे अवस्थेतला खाण्याचा काळ. एखाददोन वाचनांची तुटक शून्यं वाचनातल्या किरकोळ चढउतारांतून येतात, ती काढून टाका.

सुरुवातीच्या आणि शेवटच्या काही तासांत सरासरीला एका बाजूचेच आकडे मिळतात. तिथे स्क्रिप्ट चुकतं, डोळा चुकत नाही. पहिली कात आणि चौथी कात हाताने तपासा.

उजेडाच्या उंचीवर विश्वास ठेवू नका. उजेड किती, हे अळी किती मोठी, किती खाते, तिच्याकडे ऊर्जा किती, वेलमध्ये ती वर आहे की तळाशी, अशा दहा गोष्टींवर ठरतं. पेशीची ऊर्जा कमी करणारं औषध दिलं तर रेषा अख्खी खाली येईल, पण वाढ उशिरा झाली असं त्याने सिद्ध होत नाही. वेळ खड्ड्यांच्या जागेत आहे. उंचीत नाही.

आणि अळ्यांची सरासरी करून एकच रेषा कधीच काढू नका. प्रत्येक अळी थोडी पुढे-मागे असते. पहिल्या कातीला फरक थोडा, तो साठत जातो, आणि चौथ्या कातीपर्यंत सरासरीतला खड्डा रुंद आणि उथळ होऊन जवळजवळ बुजतो. तुम्हाला वाटेल म्युटंटची चौथी कात लांबली. खरं तर कात तेवढीच असते, अळ्या एकमेकींपासून पांगलेल्या असतात. आधी प्रत्येक अळीच्या वेळा काढा, मग त्या वेळांचं संख्याशास्त्र करा.

आकडे काय सांगतात

एकूण काळ लांबला एवढंच लिहून थांबू नका. प्रत्येक अवस्थेचा वाटा काढा: एकूण वेळेत एल-२ चे किती टक्के. थंडीमुळे वाढ मंदावली तर सगळ्या अवस्था मिळून ताणल्या जातात आणि वाटे बव्हंशी तेच राहतात. एकच अवस्था फुगली आणि बाकीच्या जागच्या जागी राहिल्या, तर गोष्ट त्या अवस्थेची आहे, आणि तिथे खोदायला हवं. रेषेत दोन किंवा तीनच खड्डे दिसले तर अळी मेली का, अडकली का, की पुढे सरकलीच नाही, हे चिकटपट्टी काढून त्या वेलमध्ये बघा.

नवा वाण घेतलात की एकदा हाताने पडताळा करा. त्याच तुकडीतल्या काही अळ्या त्याच तापमानाला वेगळ्या प्लेटमध्ये ठेवा, आणि यंत्र कात दाखवतं त्या वेळी सूक्ष्मदर्शकाखाली बघा. घसा थांबलाय, तोंडावर बूच आहे, तर यंत्र बरोबर. काही म्युटंट कात टाकत नसतानाही मधूनमधून खाणं थांबवतात. त्यांच्या रेषेत खोटे खड्डे पडतात.

कॅमेऱ्याने मोजायच्या पद्धतीही आहेत. अळी जेलच्या इवल्या कप्प्यात ठेवून ठरावीक वेळाने फोटो घ्यायचे आणि हालचाल थांबली ती वेळ काढायची. शरीराचा आकार हवा असेल, कोणती पेशी कधी विभागली ते हवं असेल, तर कॅमेराच लागतो. पण फोटोंच्या फाईली अफाट होतात, आणि एका वेळी ९६ अळ्या हाताळणं अवघड जातं. ल्युमिनोमीटर नसलेल्या महाविद्यालयांना मी सांगतो, स्टिरिओ सूक्ष्मदर्शकावर मोबाईल बसवा आणि दहा अळ्या दहा डिशवर ठेवून दर अर्ध्या तासाला घशाचा दहा सेकंदांचा व्हिडिओ घ्या. दोन मुलांनी पाळी वाटून घेतली तर एका कातीची वेळ यातून चांगली मिळते.

तीन दिवसांच्या पुढे प्लेट चालवू नका. अळ्या प्रौढ होतात, अंडी घालतात, पिल्लं बाहेर येतात आणि ल्युसिफरिन खाऊन तीही उजळायला लागतात. वाचन थांबवलं की प्लेट ऑटोक्लेव्ह करा, म्हणजे दाबाच्या वाफेत निर्जंतुक करा, जनुकबदल केलेली अळी सिंकमध्ये जाता कामा नये. कच्ची फाईल, तापमानाची फाईल आणि वेलचा नकाशा एकाच फोल्डरमध्ये, तारखेच्या नावाने. आणि वाणाचा थोडा साठा ग्लिसरॉलमध्ये उणे ८० ला गोठवलेला आहे ना, ते पाऊस सुरू होण्याआधी बघून घ्या.